कोणती कोंबडी सरस?

गेल्या एप्रिल महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी मला महाविद्यालयात भेटायला आला. पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी. झाल्यावर नोकरीच्या मागे न लागता त्याने गावी वडिलांच्या शेतात कोंबडीपालन सुरू केले आहे. दोन शेड आहेत आणि प्रत्येक शेडमध्ये दोन हजार पक्षी मावतात. त्याच्या हातात एक वही होती. "सर, एवढा हिशेब तपासून द्या," तो म्हणाला.

हिशेब असा होता. त्याने दोन वेगवेगळ्या हॅचऱ्यांकडून ब्रॉयलर कोंबड्यांच्या दोन वाणांची पिल्ले आणली होती. पहिला वाण पहिल्या शेडमध्ये सोडला आणि दुसरा वाण दुसऱ्या शेडमध्ये. दोघांना खाद्य एकच आणि लसीही त्याच. चाळीस दिवसांनी वजने केली, तेव्हा पहिल्या वाणाचा पक्षी सरासरीने १६० ग्रॅम जास्त भरला. दुसऱ्या शेडमध्ये मरही थोडी अधिक होती. तेव्हा यापुढे फक्त पहिला वाण आणायचा असे त्याने ठरवले होते, आणि त्याच भरवशावर तिसऱ्या शेडसाठी बँकेचे कर्ज काढायचे होते.

बेरजा आणि भागाकार बिनचूक होते. मी एवढेच विचारले, "दोन्ही शेड अगदी सारख्या आहेत का रे?" तो थोडा थांबला आणि म्हणाला, "तशा सारख्याच आहेत. दुसरी जरा आडवी बांधलीय, विहीर मध्ये येत होती म्हणून."

पुढच्या रविवारी मी त्याच्या गावी गेलो. बरोबर दोन तापमापके नेली होती. प्रथम ती दोन्ही एकाच बादलीतल्या पाण्यात बुडवून सारखाच आकडा दाखवतात याची खात्री करून घेतली आणि मग एकेका शेडमध्ये एकेक टांगले. दुपारी तीन वाजता पहिल्या शेडमध्ये ३६ अंश सेल्सियस होते आणि दुसऱ्या शेडमध्ये ३९. कारण उघड होते. पहिल्या शेडची लांबी पूर्व-पश्चिम होती, त्यामुळे ऊन छपरावरच अडत होते. दुसरी शेड दक्षिणोत्तर होती. तिच्या लांब बाजूने पश्चिमेचे ऊन थेट आत तुसावर येत होते आणि पक्षी चोची उघडून धापा टाकत होते.

त्याचे वडील शेजारी उभे होते. ते म्हणाले, "काट्यावर दिसतंय की, सर. आता आणखी काय बघायचं राहिलं?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. काटा खोटे बोलत नव्हता, १६० ग्रॅमचा फरक खराच होता. पण तो फरक वाणाचा होता, की शेडचा? या प्रश्नाचे उत्तर वहीत नव्हते आणि कितीही आकडेमोड केली तरी ते निघण्यासारखे नव्हते. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो. इथे नकळत दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या.

वाण म्हणजे काय?

आपल्या अंगणात दाणे टिपणारी कोंबडी आणि ब्रॉयलर ही एकाच रानकोंबड्याची वंशज आहेत. तरीही अंगणातली कोंबडी पाच-सहा महिन्यांत जेवढी वाढते, त्याहून जास्त ब्रॉयलर सहा आठवड्यांत वाढतो. ब्रॉयलर ही शुद्ध जात नव्हे, तो संकर असतो. कंपन्या आई-बापांच्या निरनिराळ्या शाखा पिढ्यान् पिढ्या निवड करून वेगळ्या जपतात. वडिलांच्या शाखेत वाढ आणि छातीचे मांस पाहतात, तर आईच्या शाखेत अंडी देण्याचा गुणही पाहतात. या शाखांच्या संकरातून शेवटी शेतकऱ्याला मिळणारे पिल्लू तयार होते. म्हणूनच शेतकऱ्याला आपल्या ब्रॉयलरची अंडी उबवून तोच वाण पुढे चालवता येत नाही. पुढच्या पिढीत गुण विखुरतात. व्हेंकॉब, रॉस, हबर्ड ही अशा वाणांची नावे तुमच्यापैकी कोंबडीपालकांच्या मुलांनी ऐकली असतील. बरेली जवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनेही 'कॅरिब्रो' नावाचे वाण तयार केले आहेत.

या वाणांच्या तुलनेचा इतिहास मनोरंजक आहे. १९४८ साली अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' नावाची एक राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिच्या आयोजकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. स्पर्धकांकडून त्यांनी वाढवलेल्या कोंबड्या मागवल्या नाहीत, उबवण्याची अंडी मागवली. सर्वांची अंडी एकाच ठिकाणी उबवली, पिल्ले एकाच ठिकाणी सारख्या पद्धतीने वाढवली आणि मगच वजने केली. प्रत्येकाने आपापल्या घरी वाढवून आणलेली कोंबडी तोलली असती, तर कोंबडीबरोबर तिच्या मालकाची शेड, खाद्य आणि हवामानही तोलले गेले असते. माझ्या तापमापकांची बादली ती हीच.

इंजेक्शनची गोष्ट

ब्रॉयलर एवढा वेगाने कसा वाढतो, असे विचारले की हटकून उत्तर मिळते, "इंजेक्शन देतात." हा समज पडताळून पाहणारा एक सुंदर प्रयोग झालेला आहे.

कॅनडा आणि अमेरिका येथील शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकातल्या मांसल कोंबड्यांचा एक कळप मुद्दाम कसलीही निवड न करता पिढ्यान् पिढ्या जपून ठेवला आहे. पॅरिसजवळ जसा पूर्वी मीटरचा प्रमाण दांडा जपून ठेवला होता, तसाच हा कोंबड्यांचा प्रमाण कळप. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठातील हॅवेनस्टाइन आणि त्यांचे सहकारी यांनी हा जुना कळप आणि २००१ सालचा रॉस ३०८ हा वाण शेजारी शेजारी वाढवले. शिवाय खाद्यही दोन प्रकारचे घेतले, एक १९५७ च्या पद्धतीचे आणि दुसरे २००१ च्या पद्धतीचे. म्हणजे दोन वाण आणि दोन खाद्ये मिळून चार गट झाले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ४२ व्या दिवसाची सरासरी वजने अशी आहेत :

जुना वाण, जुने खाद्य : ५३९ ग्रॅम
जुना वाण, नवे खाद्य : ५७८ ग्रॅम
नवा वाण, जुने खाद्य : २,१२६ ग्रॅम
नवा वाण, नवे खाद्य : २,६७२ ग्रॅम

आता पेन्सिल घेऊन वजाबाक्या करा. खाद्य जुनेच ठेवून केवळ वाण बदलला, तर वजन १,५८७ ग्रॅमने वाढले, म्हणजे जवळजवळ चौपट झाले. वाढीचा मोठा वाटा आनुवंशिक निवडीचा आहे. शास्त्रज्ञांनी तो ८५ ते ९० टक्के ठरवला आणि उरलेला वाटा खाद्याचा. त्यासाठी इंजेक्शनची गरज नाही. शेडमध्ये पिल्लांना टोचताना किंवा त्यांच्या डोळ्यांत थेंब घालताना तुम्ही पाहिले असेल, तर ती रोगप्रतिबंधक लस असते.

पण या चार आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. नव्या खाद्याने जुन्या वाणाचे वजन फक्त ३९ ग्रॅमने वाढले, तर नव्या वाणाचे ५४६ ग्रॅमने. खाद्य तेच, पण त्याचा फायदा एका वाणाला दुसऱ्याच्या चौदा पट झाला. म्हणजे 'नव्या खाद्याने किती वजन वाढते?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. 'कोणत्या वाणाचे?' असा प्रतिप्रश्न विचारावा लागतो. तसेच 'कोणता वाण चांगला?' असे कोणी विचारले, तर 'कोणत्या परिस्थितीत?' असे विचारावे लागते. परदेशातल्या वातानुकूलित शेडमध्ये पहिला आलेला वाण आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिला येईलच असे नाही. म्हणूनच वाणांची तुलना स्थानिक शेडमध्येच करावी लागते.

पिल्लाला दिवा, मोठ्याला पंखा

ऊन आणि वाढ यांचा संबंध समजायला थोडे पदार्थविज्ञान पुरे. शरीरात उष्णता तयार होते आणि ती कातडीवाटे बाहेर जाते. आकार वाढला की आकारमान घनाच्या प्रमाणात वाढते, पृष्ठभाग मात्र वर्गाच्या प्रमाणात. एक दिवसाचे पिल्लू सुमारे ४२ ग्रॅमचे असते. ते २,१०० ग्रॅमचे झाले म्हणजे वजन ५० पट झाले, पण पृष्ठभाग सुमारे साडेतेरा पटच वाढला. दर ग्रॅममागे पृष्ठभाग जवळजवळ पाव राहिला. म्हणून पहिल्या आठवड्यात पिल्लांना ब्रूडरखाली ३२-३३ अंशांची ऊब द्यावी लागते आणि सहाव्या आठवड्यात त्याच पक्ष्याला पंखा लावावा लागतो.

कोंबडीला घर्मग्रंथी नसतात. तिच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या वर असते, आणि हवाच ३९ अंश झाली की कातडीवाटे फारशी उष्णता जात नाही. मग ती धापा टाकून श्वासावाटे पाण्याची वाफ बाहेर घालवते. अशा वेळी ती खाणेही कमी करते, कारण खाल्लेले पचवताना आणखी उष्णता तयार होते. जो वाण जास्त वेगाने वाढतो, तो या अडचणीत लवकर सापडतो. उष्ण प्रदेशासाठी मानेवर पिसे नसलेल्या कोंबड्यांचा जनुक वापरून वाण तयार करतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. उघड्या मानेवाटे उष्णता सहज जाते.

न दिसणारे बळ

वजन काट्यावर दिसते. प्रतिकारशक्ती मात्र रोग येईपर्यंत दिसत नाही, आणि रोग आल्यावर कळून फारसा उपयोग नसतो. मग ती मोजायची कशी?

याचे उत्तर सापडण्यात कोंबडीचाच हात आहे. कोंबडीच्या शेपटीजवळ, विष्ठाद्वाराच्या वरच्या बाजूला एक लहानशी पिशवी असते. इटलीतील पादुआ येथील शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी तिचे वर्णन केले, म्हणून तिला 'फॅब्रिशियसचा बर्सा' म्हणतात. सुमारे साडेतीनशे वर्षे तिचे काम कोणालाच ठाऊक नव्हते. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात ब्रूस ग्लिक हे पिल्लांमधली ही पिशवी काढून काय होते ते पाहत होते, पण विशेष काही दिसत नव्हते. पुढे टिमोथी चँग या त्यांच्या सहकाऱ्याला वर्गात एक प्रात्यक्षिक दाखवायचे होते. कोंबडीला जंतूंपासून केलेला पदार्थ टोचला की तिच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, हे ते प्रात्यक्षिक. त्यांनी ग्लिक यांच्याकडच्या कोंबड्या नेल्या, आणि प्रात्यक्षिक फसले. प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत. चौकशी केली तेव्हा कळले, की त्या कोंबड्यांची पिशवी लहानपणीच काढलेली होती! १९५६ साली ग्लिक, चँग आणि जॅप यांनी हा शोध प्रसिद्ध केला. आपल्या शरीरातल्या प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींना 'बी पेशी' म्हणतात, त्यातला 'बी' बर्सावरूनच आला आहे.

प्रतिकाराचे ढोबळमानाने दोन मार्ग असतात. एक रक्तातल्या प्रतिपिंडांचा. दुसरा थेट पेशींचा, ज्यात काही पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, तर काही रोगट पेशींवर हल्ला करतात.

प्रतिपिंडे मोजण्याची एक रीत पाहू. कोंबड्यांना होणारा मानमोडीचा रोग तुम्हांला ऐकून माहीत असेल. त्यालाच राणीखेत म्हणतात. कुमाऊँमधल्या राणीखेत गावावरून हे नाव पडले. या रोगाच्या विषाणूंमुळे तांबड्या रक्तपेशी एकमेकींना चिकटतात. पण रक्तद्रवात पुरेशी प्रतिपिंडे असली तर ती विषाणूंना अडवतात आणि पेशी चिकटत नाहीत. प्रयोगशाळेत पक्ष्याचा रक्तद्रव दर खळग्यात निम्मा निम्मा पातळ करत जातात : २ पट, ४ पट, ८ पट, १६ पट. किती पातळ केल्यावरही तो विषाणूंना अडवतो ते पाहतात. एका पक्ष्याचा रक्तद्रव पाचव्या खळग्यापर्यंत टिकला आणि दुसऱ्याचा सातव्यापर्यंत, तर फरक दोनचा नव्हे, चौपटीचा आहे. पहिल्याचा आकडा ३२ आणि दुसऱ्याचा १२८.

इथेही एक फसगत होऊ शकते. पिल्लाच्या रक्तात पहिल्या दिवसांत जी प्रतिपिंडे असतात, ती त्याने बनवलेली नसतात. ती आईकडून अंड्यातल्या बलकावाटे आलेली असतात आणि साधारण चार-पाच दिवसांत निम्मी होत जातात. किरणोत्सर्गी द्रव्याचे अर्धआयुष्य तुम्ही शिकता, तसाच हा प्रकार. अर्धआयुष्य साडेचार दिवस धरले, तर तीन आठवड्यांत ती सुमारे पंचविसाव्या हिश्शावर येतात. पहिल्या आठवड्यात रक्त तपासून 'या वाणाची प्रतिकारशक्ती उत्तम' असे कोणी म्हणेल, तर तो वाणाचे नव्हे, आईला दिलेल्या लसीचे कौतुक करत असेल.

दुसरी फसगत गंबोरो रोगाची. हा विषाणू नेमका बर्साच पोखरतो. त्यातून वाचलेला पक्षी वरून धडधाकट दिसू शकतो, पण पुढे दिलेली लस त्याच्या अंगी नीट लागत नाही. एका शेडमध्ये गंबोरो येऊन गेला असेल आणि दुसऱ्या शेडमध्ये नसेल, तर तुलना पुन्हा वाणांची राहत नाही, शेडची होते.

वाढ आणि प्रतिकार यांची वाटणी

१९५७ आणि २००१ च्या कोंबड्यांची प्रतिकारशक्तीही त्याच शास्त्रज्ञांच्या गटाने तपासली. मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचल्या असता जुन्या वाणाने नव्यापेक्षा जास्त प्रतिपिंडे बनवली. पण पेशींमार्फत होणारा प्रतिकार नव्या वाणात अधिक जोरदार आढळला. म्हणजे 'नव्या कोंबडीत दमच नाही' हे सरसकट म्हणणेही चूक आणि 'ती सर्व बाबतींत सरस' हे म्हणणेही चूक.

प्रयोग उलट बाजूनेही झाला आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया येथे सीगल आणि ग्रॉस यांनी लेगहॉर्न कोंबड्यांत वजनाकडे न पाहता केवळ प्रतिपिंडांवरून निवड केली. एका शाखेत जास्त प्रतिपिंडे बनवणारे पक्षी निवडले, दुसरीत कमी बनवणारे. पिढ्यान् पिढ्या निवड झाल्यावर जास्त प्रतिपिंडांची शाखा वजनाला हलकी निघाली. खाद्यातून मिळणारी ऊर्जा आणि प्रथिने ठराविक असतात. त्यांतूनच मांस बनवायचे, पिसे बनवायची, ऊब राखायची आणि शत्रूशी लढायची तयारीही ठेवायची. एका खात्यावर जास्त खर्च झाला की दुसऱ्या खात्यावर ताण पडू शकतो.

यात आपलाही संबंध येतो. पक्ष्यांचा प्रतिकार कमी पडला की शेतकऱ्याचा हात प्रतिजैविकांकडे जातो. त्यांच्या अतिवापराने औषधांना दाद न देणारे जंतू तयार होतात आणि ते कोंबडीपुरते राहत नाहीत. माणसांसाठी राखीव असलेले कोलिस्टिन हे औषध कोंबड्या आणि इतर पशूंना देण्यावर भारत सरकारने २०१९ साली बंदी घातली, ती याच भीतीने.

न्याय्य तुलना कशी करावी?

मग माझ्या विद्यार्थ्याने काय करायला हवे होते? शेडमध्ये चहापाणी झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून वहीच्या मागच्या पानावर नियम लिहिले.

पहिला नियम : प्रत्येक शेडमध्ये दोन्ही वाण ठेवायचे. मध्ये जाळी लावून सारखे कप्पे करायचे आणि कोणत्या कप्प्यात कोणता वाण सोडायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. आपण मनाने ठरवायला गेलो, तर आवडत्या वाणाला नकळत हवेशीर कोपरा देतो.

दुसरा : दोन्ही वाणांची पिल्ले एकाच दिवशी उबलेली हवीत आणि त्यांच्या आयांचे वयही जवळपास सारखे हवे. म्हाताऱ्या कोंबडीचे अंडे मोठे असते आणि त्यातून निघणारे पिल्लूही वजनदार असते.

तिसरा : तोलण्यासाठी हाताला येईल तो पक्षी पकडायचा नाही. सुस्त आणि जड पक्षी आधी सापडतो. त्याऐवजी कप्प्याच्या एका भागातले पक्षी जाळीने घेरायचे आणि त्यांतला एकूण एक तोलायचा.

चौथा : दोन हजार पक्षी म्हणजे दोन हजार प्रयोग नव्हेत. एका कप्प्यातले सारे पक्षी एकच हवा, एकच पाणी आणि एकच रोगराई वाटून घेतात. म्हणून मोजायचे ते कप्पे, आणि शक्य तर निरनिराळ्या गावांतले.

समजा, चार शेतकऱ्यांनी मिळून असा प्रयोग केला आणि पहिल्या व दुसऱ्या वाणाची सरासरी वजने अशी आली : पहिल्याकडे २,१०० आणि २,०४० ग्रॅम, दुसऱ्याकडे १,९०० आणि १,८७०, तिसऱ्याकडे २,२०० आणि २,१३०, चौथ्याकडे १,७८० आणि १,८००. एकाच वाणाच्या वजनात तिसऱ्या आणि चौथ्या शेतकऱ्यांमध्ये ४२० ग्रॅमचा फरक आहे! पण प्रत्येक शेतकऱ्याकडचा वाणांतला फरक काढा : ६०, ३०, ७० आणि उणे २०. सरासरी फक्त ३५ ग्रॅम. शेडचा फरक हा असा वजाबाकीत निघून जातो आणि वाणाचा तेवढा उरतो. तोही इतका लहान, आणि एके ठिकाणी तर उलटा, की चारच शेडवरून घाईने निकाल देऊ नये.

पाचवा नियम : केवळ जिवंत पक्ष्याचे वजन पाहायचे नाही. समजा १०० पिल्लांपैकी एका वाणाची ९४ जगली आणि पक्षी २,१०० ग्रॅमचा झाला. एकूण १९७.४ किलो. दुसऱ्याची ९८ जगली आणि पक्षी २,०४० ग्रॅमचा झाला. एकूण १९९.९ किलो. काट्यावरचा पक्षी हलका, पण टेम्पोत भरलेला माल जास्त! शिवाय एक किलो वजनासाठी किती किलो खाद्य लागले, म्हणजे कोंबडीपालक ज्याला एफसीआर म्हणतात, तेही लिहायचे. आणि शेवटी प्रत्येक कप्प्यातल्या काही पक्ष्यांचे रक्त पशुवैद्यकामार्फत प्रयोगशाळेत पाठवायचे. आपल्याकडे पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग हे काम करतो.

त्याने पुढची बॅच अशी केली. दोन्ही शेडमध्ये जाळ्या लावल्या आणि चिठ्ठ्या वडिलांकडून उचलून घेतल्या. मे-जूनमध्ये त्याचे पत्र आले. थंड शेडमध्ये पहिला वाणच पुढे होता, पण १६० ग्रॅमने नव्हे, ५० ग्रॅमने. उन्हाच्या शेडमध्ये दोन्ही वाणांचे वजन जवळजवळ सारखे भरले आणि मर मात्र पहिल्या वाणात जास्त झाली. एका बॅचवरून काही ठरवू नये, हे त्याने स्वतःच खाली लिहिले होते. तिसऱ्या शेडचे कर्ज त्याने तूर्त पुढे ढकलले. दुसऱ्या शेडच्या पश्चिमेला पत्रा पुढे काढला आणि बारदानाचे पडदे लावले. त्याचा खर्च कर्जाच्या पहिल्या हप्त्याइतकाही आला नाही. पत्राच्या शेवटी वडिलांचा निरोप होता : "सरांना सांग, काटा बरोबर होता, शेड तिरकी होती."

मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी कोंबड्या नाहीत, त्यांनीही हा प्रयोग करून पाहावा. मेथीच्या दोन वाणांचे बी आणा आणि आठ कुंड्या घ्या. चार कुंड्या खिडकीत ठेवा आणि चार आतल्या बाजूला. दोन्ही जागी दोन-दोन कुंड्यांत एकेक वाण पेरा, आणि कोणती कुंडी कोणत्या वाणाची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. पंधरा दिवसांनी उंची मोजा आणि चार गटांच्या सरासऱ्या मांडून वजाबाक्या करा. कोणती मेथी सरस, हे सांगण्याआधी खिडकीचा वाटा किती आणि बियाचा किती, हे तुम्हांला नक्की सांगता येईल.